खांबाची मागली बाजू

माझा नवरा फौजेत होता, पण गावात त्याला कुणी फौजी म्हणत नसे. त्याला 'बटाटेवालो' म्हणत.

ह्याला कारण तोच. पहिल्या रजेवर आला तेव्हा नवा युनिफॉर्म ट्रंकेत ठेवून तो दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला गेला. दोरीवर वीस-पंचवीस माणसं. कुणीतरी विचारलं, "किती माणसां मारलंस रे?" तो खरं बोलला. म्हणाला, "माणसां खंय मारतलंय? बटाटे पोचयतंय. कांदे, पीठ, घासलेट. वर चौकीर." लोक इतके हसले की म्हणे दोरी हातातून सुटायची वेळ आली. हे आमच्या लग्नाआधीचं. पण लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या बायकांनी मला ही गोष्ट सांगितली, आणि तिघीही सांगताना हसल्या. मीही हसले. नवी सून, काय करणार.

तो फौजेच्या त्या कोअरमध्ये ड्रायव्हर होता, जी सगळ्या फौजेला रसद पोचवते. अन्न, इंधन, गरम कपडे, जनावरांचा दाणा, सगळं. लढणारी पलटण कुठेही गेली तरी तिच्या मागे ही माणसं जातात. पण मागे. आमच्या गावातून फौजेत गेलेले बाकीचे पायदळातले. त्यातले एक हवालदार एकाहत्तरची लढाई करून आलेले. मांडीत गोळी लागलेली, चालताना पाय किंचित ओढत. ते रस्त्याने निघाले की दुकानातली माणसं उठून उभी राहायची. पंधरा ऑगस्टला हायस्कूलच्या मैदानावर पुढची खुर्ची त्यांची. लोक त्यांना वाघ म्हणत, तोंडावरही म्हणत. माझा नवरा त्यांना वाटेत भेटला की टाचा जुळवून उभा राहायचा. ते मान हलवून पुढे जायचे.

गाव आमचं तोंडवलीहून चालत जाण्याइतक्या अंतरावर. सासरे होडीवर होते, ते माझ्या लग्नाआधीच वारले. घरात सासू आणि मी. सासू पाटी डोक्यावर घेऊन मासे विकायची, सकाळी किनारा, मग गावातली घरं, मग उरलंच तर पुढची वाडी. माझे वडील बंदरावरच्या कचेरीत शिपाई होते आणि मी दहावी पास झाले होते, म्हणून सासूने मला पाटीला हात लावायला सांगितलं नाही. आणि मीही आपणहून कधी लावला नाही. हे मी आताच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ह्याचा भाग आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात तो रजेवर होता. एके दिवशी म्हणाला, "उद्या कसालाक जावया. आमच्या लोकांकडे." मला वाटलं नातेवाईक असतील. एसटीने गेलो. हमरस्त्यापासून थोडं आत एका म्हाताऱ्या सुभेदारांचं घर होतं. ते ह्याच कोअरमधून निवृत्त झालेले. कोअरच्या स्थापनेचा दिवस ते दरवर्षी आपल्या अंगणात करायचे. जिल्ह्यात जितके त्या कोअरचे निवृत्त किंवा रजेवर आलेले असतील तितक्यांना पोस्टकार्ड जायचं. त्या वर्षी आठ-नऊ जण होते, बायकामुलांसकट. दोघे ड्रायव्हर, एक भांडारातला कारकून, एक पाव भाजणारा आणि एक खेचरांच्या तुकडीतला, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने गेली होती.

मी अंगणात शिरले आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. सुभेदारांनी अडवलं. "बसा गो. आज तुमी जेवतलास, आमी वाढतलो." खरंच तसं झालं. बायका चटईवर बसल्या आणि ती मिशीवाली माणसं कमरेला पंचे बांधून वाढत होती. पाव भाजणाऱ्याने अंगणातच जमिनीत खड्डा खणून, त्यावर पत्रा टाकून पाव केले होते. आघाडीवर असेच करायचो म्हणाला. पाव वरून करपलेले, आतून मऊ. माझ्या नवऱ्याने मला वाढलं, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आनी होया?" मी लाजून मेले.

जेवणानंतर बोलणं निघालं. खेचरवाला फार बोलत नसे, पण त्याला सगळे तीच गोष्ट सांगायला लावत. त्याच्याकडे एक खेचर होती. "तिका नाव नाय होता," तो म्हणाला, "नंबर होतो." मग त्याने तो नंबर सांगितला. इतक्या वर्षांनी. वर एका चौकीवर बर्फात अडकलेल्या माणसांना पीठ नि गूळ पोचवायचा होता. "तीन फेरे माझ्यावांगडा केल्यान. चवथ्या फेऱ्याक माका बरफान धरल्यान, तर एकटीच गेली. वाट ठावक होती तिका. पीठ पोचवन परत इली." ती म्हातारी झाल्यावर तिला तुकडीतून काढलं, त्या दिवशी ह्याने तिला सलाम केला होता. आमच्या गावात हे सांगितलं असतं तर माणसं लोळून हसली असती. तिथे कुणी हसलं नाही. पाव भाजणारा डोळे पुसत होता.

सुभेदारांकडे मोठं बोलणं नव्हतं. ते एवढंच म्हणाले की ही कोअर आपल्या आज्यांपेक्षाही जुनी आहे. कधी बैलांवरून, कधी उंटांवरून, कधी खेचरांवरून, पण एकाही लढाईत फौज हिच्याशिवाय जेवलेली नाही. मी नवऱ्याकडे पाहत होते. रापणीवर हसं झालेला तो माणूस तिथे ताठ बसला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा माझा नवरा आहे.

परतीच्या एसटीत त्याने मला तिकडच्या डोंगरातलं सगळं सांगितलं. लडाखच्या वाटेवर चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. सकाळी डिझेल गोठलेलं असतं, म्हणून गाडीखाली शेगडी पेटवून ठेवायची आणि गाडी पेटू नये म्हणून तिथेच बसून राहायचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. "काही नाय म्हणजे?" मी विचारलं. "काही नाय म्हणजे काही नाय," तो म्हणाला आणि हसला.

त्यानंतर तो दोनदा आला. तिसऱ्यांदा तार आली.

तार इंग्रजीत होती. पोस्टमनला मजकूर कळला असावा, पण तो म्हणाला, हायस्कुलात जावन वाचून घ्या. मी आणि सासू गेलो. मुख्याध्यापकांनी उभ्यानेच वाचली. मग चष्मा काढला, पुन्हा घातला. "अपघात झालाय," ते म्हणाले. मी विचारलं, "किती लागलाहा?" त्यांनी तार घडी घालून माझ्या हातात दिली. सासूने माझा दंड धरला. तिला माझ्या आधी कळलं होतं. ती म्हणाली, "चल गो," आणि आम्ही मैदान ओलांडून घरी आलो. मुलं लंगडी खेळत होती.

देह आला नाही. तिकडेच अग्नी दिला. पंधरा-वीस दिवसांनी त्याच्याच तुकडीतला एक नायक आला, साताऱ्याकडचा. त्याच्याबरोबर काळी ट्रंक, आणि लाल फडक्यात बांधलेला कलश. तो युनिफॉर्ममध्ये आला होता, इतक्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून. सासूने त्याला आधी पाणी दिलं, मग समोर बसवून म्हणाली, "काय झाला ता सांग. लपव नको."

त्याने लपवलं नाही. दरड आणि बर्फ पडून रस्ता आठवडाभर बंद होता. वरच्या चौक्यांवरचं घासलेट संपत आलेलं. घासलेट नाही म्हणजे शेगडी नाही, जेवण नाही, वितळवलेलं पाणीसुद्धा नाही. रस्ता अर्धवट मोकळा झाला तशा गाड्या काढल्या. त्याची गाडी पहिली होती. वळणावर कडेची माती खचली. गाडी पिंपांसकट खाली गेली.

मी विचारलं, "तेणीच पुढे जातंय म्हणून सांगितलं काय?" मला तसं हवं होतं. त्याने आपणहून हात वर केला असावा, असं काहीतरी.

नायकाने टोपी मांडीवर ठेवली. म्हणाला, "नाही ताई. त्याचा नंबर होता. पाळी असते आमची. आदल्या दिवशी माझी होती, तेव्हा रस्ता उघडला नव्हता."

ह्या माणसाने खोटं बोलायला काय हरकत होती, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. सासूने मात्र एकच विचारलं, "त्या दिवशी खावन निघालेलो काय तो?"

"हो आई. पुऱ्या आणि चहा. मीच वाढलं."

सासूने मान हलवली. त्या उत्तरावर तिने पुढचे दिवस काढले.

अस्थी किनाऱ्यावर सोडल्या. सातारचा नायक गुडघाभर पाण्यात बूट घालूनच उतरला आणि त्याने सलाम केला. गावातली माणसं आली होती, नाही असं नाही. हवालदारही आले होते. ते मागे उभे होते आणि त्यांनी हात छातीशी जोडले होते. कसालचे सुभेदार, खेचरवाला आणि पाव भाजणारा पहिली एसटी पकडून आले. ते तिघे संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात बसून राहिले. जाताना सुभेदार सासूला म्हणाले, "आमचो माणूस गेलो." आमच्या गावातल्या कुणी असं म्हटलं नव्हतं. सगळे 'तुझो झील गेलो', तुझा मुलगा गेला, असंच म्हणत होते.

त्याला दोन-अडीच वर्षं झाली तेव्हा हायस्कूलच्या मैदानावर हुतात्म्यांचा खांब उभा करायचं ठरलं. माजी विद्यार्थी, मुंबईकर चाकरमानी, सगळ्यांनी हात लावला. कमिटी झाली, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. खांबावर कोरायची नावं कागदावर लिहून शाळेच्या फळ्याजवळ लावली. गावचे तीन. दोन एकाहत्तरचे, एक त्याआधीचा. शेजारीण वाचून आली आणि मला म्हणाली, "तुज्या घोवाचा नाव नाय थंय." मला वाटलं, चुकून राहिलं असेल.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते सभ्य माणूस होते, त्यांनी मला खुर्ची दिली. कचेरीत होते म्हणून ते छापील मराठीत बोलले, आणि मीही तशीच बोलायचा प्रयत्न केला.

"हे बघा बाई, तुमच्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे. पण हुतात्मा म्हणजे शत्रूशी लढताना ज्याला वीरमरण आलं तो. तुमच्या यजमानांचा अपघात झाला."

"सर, ते फौजेच्या कामावरच होते."

"असतील. पण अपघात एसटीलाही होतो. उद्या एसटीच्या ड्रायव्हरच्या घरचे आले तर मी काय सांगू? तुमच्याकडे तसा काही कागद आहे का, लढाईत मृत्यू असा?"

नव्हता. कागदावर कामावर असताना अपघाती मृत्यू असं होतं. मी तो नेलाही होता पिशवीतून. काढला नाही.

घरी येऊन मी सुभेदारांना पोस्टकार्ड टाकलं. चौथ्या दिवशी ते आले, पुन्हा त्याच दोघांना घेऊन. छातीवर पदकं लावून आले होते तिघेही. उन्हात चालून घामाघूम झालेले, आणि पदकं एकमेकांवर आपटत होती. वाडीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. संध्याकाळी कमिटीची बैठक शाळेच्या वर्गात होती. मी आणि सासू दाराशी उभ्या राहिलो.

सुभेदार आधी शांतपणे बोलले. फौजेत गोळी आणि चपाती वेगळ्या मोजत नाहीत म्हणाले. आमचीही माणसं मेलेली आहेत, दरीत, बर्फात, बाँबखाली, आणि त्यांच्यासाठी तिकडे खांब आहेत. इथे एका नावाला जागा करा. कमिटीतला एक जण, ज्याचं बाजारात दुकान होतं, हसला. "मगे रेशन दुकानवाल्यांचोय खांब बांधूया." चार माणसं हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत. खाली पाहत होते.

तेव्हा सुभेदारांचा आवाज चढला. हवालदार कमिटीत होते, पहिल्या बाकावर बसले होते. सुभेदार त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "हवालदारानू, तुमी वर होतास. सांगा हेंका. थंय तुमका जेवाण कोण हाडी?"

माणसं त्यांच्याकडे वळली. हवालदारांनी पाय सरळ केला, जखमेचा. मला वाटलं आता उठतील. त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली. म्हणाले, "कमिटी ठरवीत ता."

एवढंच. खेचरवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिघे त्याच संध्याकाळी निघाले. सासूने त्यांना सुके बांगडे बांधून दिले. सुभेदार घेत नव्हते, तिने पिशवीत कोंबले.

त्यानंतर महिन्याभराने मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. एकटीला. म्हणाले, कमिटीने मधला मार्ग काढलाय. पुढच्या बाजूला हुतात्मे. मागल्या बाजूला, शाळेच्या भिंतीकडे, 'सेवेत असताना निधन' असं लिहून खाली तुमच्या यजमानांचं नाव. घरच्यांची संमती हवी, म्हणून हा कागद. मग त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. शाळेत शिपायाची जागा निघाली होती. बाई चालेल का, असं त्यांनी वर विचारलं होतं. दहावी पास, सैनिकाची पत्नी, तुम्ही अर्ज केलात तर मी शिफारस करीन.

"ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही," ते म्हणाले.

ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. मला वाटतं त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं. पण दोन्ही कागद त्या टेबलावर शेजारी शेजारी होते.

मी म्हटलं, सासूला विचारून सांगते.

सासू पडवीत बसून कोयती दगडावर घासत होती. मी खांबाचं सांगितलं. नोकरीचं सांगितलं नाही. ती घासायची थांबली. "मागच्या बाजूक? भिंतीकडे?"

"होय."

"माजो झील मागच्या बाजूक नको. नायच तर नाय. पण मागच्या बाजूक नको."

"आये, काहीच नाही त्यापेक्षा..."

"काहीच नाय ता बरा," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

मी आठ दिवस थांबले. त्या आठ दिवसांत सासूला ताप आला, आणि एका सकाळी ती मला म्हणाली, "आज तू पाटी घेवन जाशीत काय?" मी पाटीकडे पाहिलं. त्यात पेडवे होते, खालून पाणी गळत होतं. मी चोवीस वर्षांची होते. पुढची तीस-चाळीस वर्षं मला एकदम दिसली, त्या पाटीखालची. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. ती तापात उठली आणि स्वतः गेली.

दुपारी मी शाळेत जाऊन दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

नेमणूक झाल्याचं गावभर झालं तेव्हा ते सासूलाही कळलं. खांबाचं तिला कुणी सांगितलं माहीत नाही. ती घरी आली, पाटी उपडी घातली, हातपाय धुतले. मग विचारलं, "सही लागली ना घरच्या माणसाची?"

"लागली."

"माजी कोणी इचारूक नाय?"

"बायकोची चालते म्हणाले."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिला राग आलेला दिसत नव्हता, आणि त्यानेच मला भीती वाटली. "मगे तुजो घो थंय ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माजो झील माझ्याकडे आसा."

त्या दिवसानंतर तिने मला घरातून काढलं नाही, उपाशी ठेवलं नाही, वाईट बोलली नाही. भात वाढायची, माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकायची. फक्त त्याच्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. त्याच्या श्राद्धाला काय करायचं तेही शेजारणीच्या तोंडून कळवायची. आणि शाळेचा रस्ता तिने सोडला. मैदानाच्या बाजूने गेलं की चार घरं लवकर होतात, पण ती खाडीच्या कडेने वळसा घालून जायची, पाटी घेऊन, भर उन्हात.

खांबाचं उद्घाटन झालं. कुडाळहून एक मोठे पाहुणे आले. कसालच्या तिघांना बोलावणं नव्हतं. मी त्या दिवशी शाळेची शिपाई होते, त्यामुळे पहाटे खांब धुवायचं काम माझं. पुढची बाजू धुतली, मग मागे गेले. भिंत आणि खांब यांच्यात एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच जागा. नावाच्या आधी त्यांनी 'ड्रायव्हर' असं कोरलं होतं. पुढच्यांच्या आधी 'वीर' होतं. मी ते फडक्याने पुसलं. पाहुण्यांनी पुढून हार घातला, आणि फोटो काढणाराही पुढेच उभा होता.

डिसेंबरात कसालहून पोस्टकार्ड आलं, नेहमीसारखं, त्याच्याच नावाने. खाली 'यांच्या पत्नीस' असं. मी गेले. मी जायला नको होतं. अंगणात पाच जण होते. पुन्हा बायकांना बसवून पुरुषांनी वाढलं, पाव भाजणाऱ्याने पाव केले. कुणी मला काही विचारलं नाही. मला वाढायला खेचरवाला आला. त्याने पाव ठेवला, आमटी ओतली आणि पुढे गेला. एरवी भेटला की तो 'कसा काय बाय' म्हणायचा.

निघताना सुभेदार फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "काका, मी सही केलंय."

"माका कळला," ते म्हणाले. "बरा केलंस. तुका जगूचा आसा, बाय." आणि हे बोलताना ते रस्त्याकडे बघत होते.

पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. सुभेदारांना अर्धांगवायू झाला होता आणि मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. बाकीच्यांतलं कुणी तो दिवस केला असेल असं वाटत नाही. केला असला तरी मला कळवलं नाही. त्यांचे पत्ते माझ्याकडे होते, पण मीही लिहिलं नाही.

खांब उभा राहून काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी हवालदार आमच्या घरी आले. ते कधीच आमच्या दारात आले नव्हते. पाय आता जास्तच ओढत होते, हातात काठी. सासू आत माजघरात होती, दार उघडं. मी त्यांना पडवीत बसवलं.

बराच वेळ पावसाचं, आंब्याचं बोलले. मग म्हणाले, "माका त्या दिवशी बोलूक होया होता."

मी पायरीवर बसले.

त्यांनी मग सांगितलं. एका उंच चौकीवर ते चौदा जण होते. वाट बंद झालेली. चौथ्या दिवशी सगळं संपलं. पाचव्या दिवशी त्यांनी चामड्याचा पट्टा उकळून बघितला. सहाव्या दिवशी धुक्यातून घंटेचा आवाज आला आणि खेचरं वर आली, मागून माणसं. "आमी रडलो," हवालदार म्हणाले. "चवदा जण पोरांसारखे रडलो. एका खेचराच्या गळ्यात पडान मी रडलंय."

"मगे त्या दिवशी का नाय सांगलात?"

"गाव माका वाघ म्हणता गो." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाघ खेचराची वाट बघीत बसलेलो, ता कसा सांगूचा?"

मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला फक्त तो वर्ग दिसला, पहिला बाक, आणि परत खिशात गेलेली ती तंबाखूची पुडी. दोन वाक्यं बोलली असती ह्या माणसाने तर नाव पुढे आलं असतं. मग मला सही करावी लागली नसती. हे मला तेव्हा असंच वाटलं. आज वाटतं, कदाचित तरीही मी नोकरी घेतली असती, पण सासूच्या डोळ्याला डोळा देऊन घेतली असती.

"आता कमिटीला सांगता?" मी विचारलं.

"आता काय," ते म्हणाले. "कोरून झाला ता."

आतून सासूचा आवाज आला. इतका वेळ ती सगळं ऐकत होती. "चाय दी तेका. आनी जावंदे."

मी चहा केला. हवालदार अर्धा कप प्यायले, उठले, आणि काठी टेकत निघून गेले.

त्या पंधरा ऑगस्टला ते नेहमीप्रमाणे पुढच्या खुर्चीवर होते. झेंडा चढल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना मुलांसाठी चार शब्द बोलायला सांगितलं. मी मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. हवालदार उठले, खांबाकडे बघून सलाम केला आणि बोलायला लागले. गोळ्या कशा सुटत होत्या ते सांगितलं, शत्रूचा खंदक कसा घेतला ते सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं बोलले. पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटपर्यंत ऐकायचं मी ठरवलं होतं, आणि ऐकलं; खेचरं काही आली नाहीत. मग मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटायची होती, तो डबा घेऊन मी रांगेकडे गेले.